खालच्या बाटलीतलं पाणी

९ जून, सकाळी साडेदहा

आजपासून रोजनिशी. शाळा दोनच इयत्ता झाली, पण अक्षर माझं टपोरं आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे मी म्हणते आणि कोणी नाही म्हणत नाही. नातीने दोन वह्या आणून दिल्या. निळी वही पावसाची. तिच्यात तारीख, वेळ आणि बाटलीचा नंबर एवढंच, वर एक शब्द नाही. ही पिवळी माझी. निळ्या वहीत गप्पा मारायच्या नाहीत म्हणून ही वेगळी, असं ती म्हणाली. शहाणी आहे पोर. माझ्यावर गेली आहे.

नात इंजिनिअर झाली ते या वहीत नोंदवून ठेवते. शहराच्या पाण्याच्या ऑफिसात आहे. नळाच्या नाही, रस्त्यावर पडणाऱ्या पावसाच्या. रस्त्यावरच्या पाण्याला इंजिनिअर कशाला लागतो, असं मी आधी विचारून बसले होते. तर ती म्हणाली, आजी, पाऊस रस्ता धुतो. गाड्यांचं तेल, टायरची भुकटी, कुत्र्यांनी केलेलं काय ते, लोकांनी ओतलेलं साबणाचं पाणी, सगळं गोळा करतो आणि सरळ तळ्यात नेऊन टाकतो. मागे मासे उलटे झाले होते ते त्यामुळेच. मी तेव्हा माशांनाच नावं ठेवली होती.

म्हणून तिने आमच्या गल्लीच्या उताराला एक बाग केली आहे. खोलगट. तळाला खडी, मग वाळू, वर माती आणि गवतासारखी उंच झाडं. रस्त्याचं घाण पाणी एका बाजूने आत शिरतं, मुरतं, घाण मातीत अडकते, आणि खालच्या पाइपातून पाणी शहाणं होऊन बाहेर पडतं. पुढे तळं. गल्लीतले लोक खड्डा म्हणतात. मी त्यांना थांबवून सांगते, रेन गार्डन म्हणायचं.

तीन पावसांचं पाणी लॅबमध्ये तपासणार आहेत. आत शिरतानाचं आणि बाहेर पडतानाचं. बाहेरचं चांगलं निघालं तर साहेब आणखी दहा गल्ल्यांत अशा बागा करणार. नाही निघालं तर ही बुजवून तिथे चार गाड्यांचं पार्किंग. नातीचं हे पहिलंच काम. रात्रीची झोप गेली आहे तिची. माझी नाही, मी नऊला झोपते.

आता पाऊस काही ऑफिसची वेळ बघून येत नाही. सुरू झाला की अर्ध्या तासाच्या आत बाटल्या भरायला गल्लीतलंच माणूस पाहिजे. नातीने मला नेमलं. म्हणजे जेवताना विचारलं, पण मी ती नेमणूक धरते.

पद्धत सांगितली. वरची बाटली पाणी शिरतं तिथे. खालची बाटली बाहेर पडतं त्या टाकीत, लांब दांड्याच्या मगाने. भरल्यावर फ्रीजमध्ये. आणि बाटलीला साबण लावायचा नाही, जे पाणी भरायचं त्याच पाण्याने तीनदा खंगाळायची. म्हणजे गटाराच्या पाण्याने बाटली धुवायची. मी मान हलवली. मुलीला शिकवलं पुष्कळ, स्वच्छता शिकवायची राहून गेली. आईचं काम ते. आई म्हणजे माझी सून.

१२ जून, दुपारी तीन

पाऊस. पावणेदोनला सुरू. मी एक पन्नासला खाली. या वयात दोन जिने पाच मिनिटांत म्हणजे कुणी टाळी वाजवायला हवी होती, पण जिन्यात फक्त मांजर होतं.

बाटल्या सकाळीच गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासून ठेवल्या होत्या. लखलखीत. लॅबमध्ये गेल्यावर आपल्या घराची शोभा व्हायला नको.

वरचं पाणी चहासारखं, वर तेलाचे रंग. खालच्या टाकीचं झाकण उचलेना. समोरचा गॅरेजवाला आला आणि एका हाताने उचलून बाजूला ठेवलं. तो हसत होता. कशाला हसायचं ते. खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. जरासा फेस आला भरताना, तो ताजेपणाचा.

बाटल्या दुधाच्या शेजारी ठेवल्या. सुनेने फ्रीज उघडला, बंद केला, परत उघडला. मग विचारलं, आई, हे काय आहे. मी म्हटलं, प्रोजेक्ट. तिने दूध वरच्या कप्प्यात हलवलं. तिच्या मनात नातीच्या कामाबद्दल किती आदर आहे ते त्यावरून कळलं.

२० जून, संध्याकाळी सात

विश्वासघात.

रिपोर्ट आला. वरच्या बाटलीत जेवढी घाण हवी तेवढी आहे. पण खालच्या बाटलीत वरच्यापेक्षा जास्त साबण. नात म्हणाली, आजी, बागेत साबण तयार होत नाही. मी म्हटलं, बाई गं, कुणीतरी खालच्या टाकीत साबण ओततंय. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. साहेबांनी म्हणे ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं की ही बाग आहे की लाँड्री.

माझ्या नातीच्या कामात खोडा घालणारं माणूस या गल्लीत आहे आणि रोज मला गुड मॉर्निंग म्हणतं. अस्तनीतला निखारा. शोधून काढणार.

संशयित:
एक. वरच्या मजल्यावरची मास्तरीण. तिचं वॉशिंग मशीन दिवसाआड चालतं आणि एकट्या बाईचे इतके कपडे कुठून येतात हे कोडं आहे.
दोन. गॅरेजवाला. हसणारा.

२१ जून, सकाळी सातपासून

बागेशेजारी खुर्ची टाकून बसले. पहारा. चष्मा पुसला, पाण्याची बाटली घेतली (प्यायची, प्रोजेक्टची नाही). सात ते दहा एकही गुन्हा नाही. फक्त एक कुत्रं आलं आणि झाडाशी त्याला जे करायचं ते करून गेलं. त्याला हाकलेपर्यंत उशीर झाला. नात म्हणते तसलं काही माती पचवते. मला मातीची दया आली.

दहाला मास्तरीण शाळेत निघाली. मी सरळ विचारलं, तुमच्या मशीनचं पाणी जातं कुठे. ती म्हणाली, संडासाच्या लाइनला, जिथे सगळ्यांचं जातं तिथे. मी म्हटलं, बघायला पाहिजे. ती म्हणाली, या की बघायला, येताना दोन चादरी घेऊन या, त्याही टाकू. जीभ बघा. मुलांना हेच शिकवते का.

प्लंबरकडून तपासून घेतलं. जातं संडासाच्या लाइनला. प्लंबर तिच्याच ओळखीचा निघाला, त्यामुळे पूर्ण खात्री नाही.

२४ जून

गॅरेजवाल्याकडे गेले. गाडीखाली झोपला होता. नुसते पाय दिसत होते, तरी मी पायांना विचारलं. बाहेर आला, हात पुसले, स्टूल दिलं. मला मागे नेऊन पिंप दाखवलं. जुनं तेल त्या पिंपात, महिन्याला गाडी येऊन घेऊन जाते. इंजिनचे भाग धुतो ते पाणी वेगळ्या टाकीत. म्हणाला, आजी, माझं तेल रस्त्यावर गेलं तर तुमच्या नातीच्या आधी माझा लायसनवाला मला धरेल.

गोड बोलणारी माणसं अशीच असतात.

निघताना त्याने विचारलं, आजी, बाटल्या कशाने धुता तुम्ही. आता हा काय प्रश्न झाला. बाईमाणसाला तिच्या स्वयंपाकघराबद्दल. मी म्हटलं, तू तुझ्या पान्यांकडे बघ. चोराच्या मनात चांदणं, म्हणून बाटल्यांची चौकशी.

२८ जून, संध्याकाळी पाच

आज जे झालं ते फक्त या वहीत.

दुसरा पाऊस दीडला आला. मी जेवून जरा पाठ टेकली होती. पाठच टेकली होती, डोळे आपोआप मिटले. उठले तेव्हा साडेतीन आणि बाहेर ऊन. रस्तासुद्धा सुकत आला होता. पाऊस असा दगा देतो. निदान खिडकीवर जोरात तरी वाजायचं होतं.

पळत गेले. वरच्या खाचेत थोडं पाणी साठलं होतं, ते मिळालं. खालची टाकी कोरडी. बागेने सगळं मुरवून मोकळं केलं होतं. आता यात माझा काय दोष. बाग जरा जास्तच हुशार केली आहे पोरीने.

खालची बाटली रिकामी न्यायची म्हणजे नातीचा एक पाऊस वाया. तिचा तो चेहरा आठवला. म्हणून स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून भरली. मी यात खोटं काही बघत नाही. माती काय करते, गाळते. आमचा फिल्टर काय करतो, गाळतो. जे पाणी बागेतून आलं असतं तेच समजायचं. शिवाय खरं वाटावं म्हणून चिमूटभर माती टाकली. कुंडीतली, चाळून.

नंतर वाटलं, चिमूट जरा कमी झाली. मग अर्धी आणखी.

सून मागे उभी होती. तिने पाणी प्यायला पेला घेतला, फिल्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेली. न बोलणाऱ्या माणसाचा मला फार विश्वास वाटतो.

५ जुलै

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

लॅबने कळवलं की खालच्या बाटलीत चिमूटभर मातीशिवाय काहीच नाही. तेल नाही, क्षार नाहीत, जमिनीतून आलेल्या पाण्यात असतं ते काहीही नाही. इतकं स्वच्छ पाणी ढगातही नसतं म्हणे. साहेबांनी नातीला केबिनमध्ये बोलावलं. पाणी दुकानातून आणलं का, असं विचारलं. आधी साबण, आता हे, म्हणून आकडे कोणीतरी बनवतंय, आणि ते कोणीतरी म्हणजे तीच, असं बोलले. मागचे दोन रिपोर्ट रद्द. आता पुढचे तीन पाऊस नीट आले नाहीत तर बाग बुजवायची आणि तिला बागेच्या कामावरून काढायचं.

ती घरी आली. बूट न काढता बसली. जेवली नाही. मग मला विचारलं, आजी, खालची बाटली तूच भरलीस ना. मी म्हटलं, मीच. टाकीतूनच ना. मी म्हटलं, मग काय नदीतून. मग फ्रीजला कोणी हात लावला का, असं विचारलं.

मी म्हटलं, घरात माणसं आहेत, कोण कधी फ्रीज उघडतं मी काय पहारा देते. आणि माझी नजर सहज सुनेकडे गेली. अगदी सहज. सून भाजी चिरत होती, चिरत राहिली. मुलगा पेपरमागे होता. तो नेहमीच असतो.

नातीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठून गेली. बाहेरच्या लोकांनी तिला किती थकवलं आहे.

७ जुलै

निश्चय.
यापुढे दुपारी झोपायचं नाही, पाऊस असो नसो.
बाटली भरली की चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर माझी सही. म्हणजे कोणी मध्ये हात घालणार नाही.
गॅरेजवाल्याशी बोलणं बंद. मास्तरणीशी आधीपासून बंद आहे, तरी पुन्हा बंद.
फिल्टरबद्दल कुणाला सांगायचं नाही. सांगून पोरीला आणखी त्रास कशाला.

दुपारी सव्वादोन. निश्चय एक जरा ढिला. फक्त पंधरा मिनिटं.

११ जुलै, सकाळी अकरा

तिसरा पाऊस. मी वेळेत होते, याची साक्ष हे घड्याळ देईल. आणि काय बघते. टाकीचं झाकण उघडं, गॅरेजवाला तिथे गुडघ्यावर, हात कोपरापर्यंत ओले.

रंगेहाथ पकडला. विचारलं, काय करतोस. म्हणाला, पानं अडकली होती आजी, काढत होतो. काचेचं काहीतरी खिशात घातलं असं मला वाटलं. बरणी असेल. साबणाची असणार. मी ओरडले नाही, मनात नोंद केली. त्याने माझ्यासाठी झाकण धरून ठेवलं आणि मगही हातात दिला. गुन्हेगार माणूस असाच मदत करतो.

भरली बाटली. पुसली, पट्टी लावली, सही केली. पुसूनही बाटली ओलसर राहिली म्हणून सहीची शाई पसरली, पण मला माझी सही ओळखू येते.

नातीला सांगितलं की गॅरेजवाला टाकीपाशी सापडला. तिने नुसतं हं म्हटलं. फोनमध्ये डोकं. आजकालची मुलं पुरावा समोर असला तरी वाचत नाहीत.

१९ जुलै

चौथा पाऊस. पुन्हा तो आधीच हजर. पुन्हा पानं म्हणे. आमच्या गल्लीत एवढी झाडंच नाहीत.

माझी बाटली व्यवस्थित. नातीने घेतली, थँक्यू आजी म्हणाली, गालाला गाल लावला. बऱ्याच दिवसांनी.

२६ जुलै, दुपार

पाचवा. तो हजर. मी हजर. बोलणं नाही. त्याने छत्री माझ्यावर धरली आणि स्वतः भिजला. मी छत्रीखालून सरकणार होते, पण बाटली हातात होती, नातीचं काम पुढे, राग मागे.

३ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा

आनंदाचा दिवस. तिन्ही रिपोर्ट उत्तम. तेल वर जेवढं होतं त्याच्या दहाव्या हिश्शावर. गाळ जवळजवळ नाही. साबण शून्य. साहेबांनी स्वतः उठून हात मिळवला. आणखी दहा गल्ल्यांना मंजुरी. नात घरात शिरली ती नाचतच. आईला मिठी, बाबांचा पेपर ओढून फेकला, मला उचलायला निघाली होती, गुडघ्यामुळे राहिलं.

मी जास्त बोलले नाही. मोठेपणा असतो तो न बोलण्यात. एवढंच म्हटलं की पहारा बसला की चोर हात आखडता घेतो. सून हसली आणि खोकला आल्यासारखं करून आत गेली. कष्ट माझे आणि खोकला हिला.

जिन्यात मास्तरीण भेटली. तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, अभिनंदन, चादरी अजून आल्या नाहीत.

५ ऑगस्ट, सकाळी अकरा

विचार केला, साहेबांना कळायला हवं की बाटल्या कोणी भरल्या. माझ्यासाठी नाही. नातीची मान उंच होईल म्हणून. बागेवरच्या बोर्डावर फोन नंबर आहे, तक्रारीसाठी. तिथे लावला. मुलीने विचारलं, तक्रार काय आहे. मी म्हटलं, तक्रार नाही. ती म्हणाली, मग नोंदवू काय. मी म्हटलं, समाधान नोंदव. तसा रकाना नव्हता म्हणे. सरकारी काम. शेवटी मी नातीचं नाव घेतल्यावर साहेबांना दिला.

साहेब फार चांगले बोलले. आजी, तुमच्या नातीने कमाल केली म्हणाले. मी म्हटलं, पण बाटल्या वेळेवर भरणंही महत्त्वाचं. ते म्हणाले, अगदी बरोबर, म्हणून तर त्या गॅरेजवाल्यांचे आमच्याकडून आभार सांगा, पाच मिनिटंही इकडेतिकडे नाही, शिकवलं तसंच्या तसं, अशी माणसं मिळत नाहीत. मी म्हटलं, गॅरेजवाल्यांचे. ते म्हणाले, हो, सगळी सँपल त्यांचीच ना.

फोन ठेवला. त्यांचा काहीतरी गोंधळ झाला असणार. मोठी ऑफिसं असतात, कागद इकडचे तिकडे होतात.

दुपारी दोन

नातीच्या खोलीत केर काढायला गेले. केर काढतेच मी कधीकधी. टेबलाखाली माझ्या तिन्ही पावसांच्या बाटल्या, वरच्या खालच्या मिळून सहा. पट्ट्या जशाच्या तशा. पसरलेली सहीसुद्धा.

जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

संध्याकाळी

तिला समोर बसवून विचारलं. तिने टाळलं नाही. जुलैपासून खऱ्या बाटल्या गॅरेजवाला भरत होता. तिनेच सांगितलं होतं त्याला. माझ्या आधी जायचं, भरायची, आणि आजींना कळू द्यायचं नाही. तो म्हणाला होता म्हणे की मला खोटं बोलता येत नाही, पानं काढतो एवढंच सांगेन, आणि मग खरंच पानंही काढायचा.

आणि माझ्या बाटल्या ती हसून घेत होती आणि गालाला गाल लावत होती आणि टेबलाखाली ठेवत होती. माझी नात. जिला मी चालायला शिकवलं. तिच्या आईने शिकवलं असेल, पण मी टाळ्या वाजवल्या होत्या.

बाटल्या साबणाने घासल्याचं तिला सुनेने सांगितलं होतं, पाच जुलैला. फिल्टरचंही तिनेच. पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं तिला. म्हणजे तिघं. केसाने गळा कापला आणि वर विचारतात, आजी, चहा घेणार का.

मी विचारलं, मला तोंडावर का नाही सांगितलं. आजी म्हणून घरात माझी काही किंमत आहे की नाही.

नात हळू आवाजात म्हणाली, मी विचारलं होतं आजी. तेव्हा तू आईकडे बघितलंस.

मला ऐकू कमी येतं संध्याकाळच्या वेळी. मी म्हटलं, गुडघा दुखतोय, आत जाते.

७ ऑगस्ट

राजीनामा लिहिला. टपोऱ्या अक्षरात. सदर कामातून मी स्वखुशीने मुक्त होत आहे. कुणाला द्यायचा ते कळेना. नेमणूक जेवताना झाली होती, म्हणून जेवताना दिला. मुलाने पेपर खाली ठेवला आणि राजीनामा वाचला. म्हणाला, छान आहे. मग तो कागद नातीकडे गेला. तिने घडी घालून स्वतःच्या वहीत ठेवला. मंजूर की नामंजूर, ते अजून कळलेलं नाही.

सुनेने माझ्या ताटात जास्तीची भाजी वाढली. मी बघितलं नाही असं दाखवलं. खाल्ली.

८ ऑगस्ट

दुपारी सून एकटी स्वयंपाकघरात होती. मी गेले. म्हणायचं होतं काहीतरी. फिल्टरची टाकी घासायला झाली आहे, एवढं म्हटलं. ती म्हणाली, हो आई, झाली आहे. मग दोघींनी मिळून घासली. ती एका बाजूने, मी एका बाजूने. ती म्हणाली, तेव्हा मला वाईट वाटलं होतं आई. मी म्हटलं, मला माहीत आहे.

मग तिने टाकीचं झाकण लावलं आणि मी फडकं वाळत घातलं.

१६ ऑगस्ट

नात कागद घेऊन आली. दहा नव्या बागा, प्रत्येकीला बाटल्या भरणारी माणसं लागणार, म्हणून ऑफिसने क्लास काढला आहे. सोमवारी दहाला, मास्तरणीच्या शाळेत, एका वर्गात. ती म्हणाली, आजी, तू ये.

मी म्हटलं, अनुभवाचे चार शब्द सांगायला हरकत नाही. किती वेळ बोलू.

ती म्हणाली, बोलायचं नाही आजी. शिकायचं. वही आणि पेन आण.

मी विचार करते म्हटलं. विचार करायला एक रात्र घेणार, म्हणजे त्यांना वाटायला नको की मी मोकळीच बसले आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार, दुपारी दोन

गेले. शिकवणारा गॅरेजवाला.

धुतलेला शर्ट घालून आला होता. फळ्याजवळ उभा राहून घाम पुसत होता, गाडीखालून बोलण्याची सवय, समोर माणसं नकोत. मी पहिल्या बाकावर बसले. ऐकू कमी येतं म्हणून, दुसरं कारण नाही. बाक लहान मुलांचा, गुडघे पोटाशी आले. एकदा तो विसरला पुढे काय सांगायचं ते. माझ्याकडे बघितलं. मी हळूच सांगितलं, झाकण. मग त्याला आठवलं. एवढी मदत केली, कोणी नोंद घेतली नाही.

शेवटी दहा प्रश्नांचा पेपर. सहा बरोबर आले की पास आणि मग बाटल्या मिळतात. मला चार. मास्तरणीला नऊ, ती उगाच बसली होती, वर्ग उघडून द्यायला आली म्हणून. पेपर तपासताना काहीतरी दगाफटका झालेला आहे. दोन मार्क कुठे गेले ते शोधून काढणार होते, पण पेपर परत बघितला. गेले नव्हते. लिहिलेच नव्हते.

गॅरेजवाला म्हणाला, आजी, गुरुवारी परत बसा.

२० ऑगस्ट, संध्याकाळी सव्वापाच

नात म्हणाली होती, चारला येते ऑफिसातून लवकर, मी घेते तुझा अभ्यास. वही उघडून चारपासून बसले आहे. फोन केला तर बागेपाशी आहे म्हणाली, कुठल्या तरी नव्या गल्लीत, खडी आली आहे, अजून तास लागेल.

सुनेला म्हटलं, वेळ आहे का. तिने हात पुसले, खुर्ची ओढली आणि म्हणाली, पहिला प्रश्न वाचा आई, मोठ्याने.